शिस्तीचा उंदीर

गुलाबांचा गुच्छ. स्टीलची आडवी दांडी. काजूकतलीचं ताट. उंदरांच्या शेपट्यांवर स्केचपेनच्या खुणा: औषध टोचलेल्यांना लाल, नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्यांना निळी.

संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब फार्मसी कॉलेजात आले होते. प्रयोग त्यांना पटला नाही, तर रेवाच्या प्रयोगशाळेला कुलूप लागणार होतं. तिने घाईघाईत एक उंदीर उचलला आणि त्याचे पुढचे पाय दांडीवर टेकवले. बापूसाहेब वाकून बघू लागले. उंदराची मिशीसुद्धा हलली नाही.

"हे औषध मनोरुग्णांना देतात, साहेब. मेंदूतले काही निरोप ते वाटेतच अडवतं. त्याचा दुष्परिणाम म्हणून अंग असं आखडतं. उतरावंसं वाटलं तरी उतरता येत नाही."

"दुष्परिणाम? अहो मॅडम, याला शिस्त म्हणतात!" बापूसाहेब मागे वळले. "काय प्राचार्य, स्टाफच्या चहात घालायचं का थोडं?"

हात बांधून ओळीत उभे असलेले सगळे प्राध्यापक एकदम हसले. बापूसाहेब खाकरले, तसे एकदम थांबले. मग कुणीच जागचं हललं नाही. पायाला मुंग्या आल्या होत्या, तरी रेवाही नाही.

"चालू द्या तुमची लॅब," म्हणत बापूसाहेब बाहेर मांडलेल्या काजूकतलीकडे निघाले. त्यांच्या मागे दार लागलं आणि उंदीर दांडीवरून टुणकन उतरून पिंजऱ्याकडे पळाला.

त्याच्या शेपटीवरची खूण सकाळपासून निळीच होती.