काढलेलं दाखवायची पद्धत

ऑपरेशनमध्ये काढलेला भाग आधी नातेवाइकाला ट्रेमधून दाखवायचा आणि मगच तपासणीला पाठवायचा, अशी आमच्याकडे पद्धत आहे. आज ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेल्या या बाईंची तीन वर्षांपूर्वी गर्भपिशवी काढली, तेव्हा ट्रे मीच बाहेर नेला होता. नवऱ्याने नाकाला रुमाल लावला. "शी, उचला ती घाण," म्हणाला. दुसऱ्या दिवशी वॉर्डात बाईंच्या खाटेशी उभा राहून म्हणाला, "आता तू बाई तरी राहिलीस का?" इतक्या वर्षांत मला ट्रेची कधी किळस आली नव्हती. त्या माणसाची आली.

आज त्याचंच हर्नियाचं ऑपरेशन होतं. सर्जन बाहेर येऊन बाईंना म्हणाले, "आईच्या पोटात मुलग्यालाही सुरुवातीला गर्भपिशवीचा अंकुर असतो. तिसऱ्या महिन्यात तो आपोआप विरतो. यांचा विरलाच नाही. हर्नियात तीच पिशवी उतरली होती, काढून टाकली. बाकी माणूस ठणठणीत आहे."

मी ट्रे पुढे केला. अंगठ्याएवढी पिशवी होती. बाईंनी नाक दाबलं नाही, तोंडही फिरवलं नाही.

"सिस्टर, हे लगेच तपासणीला जाणार?"

"हो."

"त्यांना शुद्धीवर येऊ दे, मग पाठवा. एकदा बघू दे त्यांनाही."

हातावर घेतलेल्या नवऱ्याच्या शर्टाच्या खिशातून त्यांनी रुमाल काढला, नीट घडी घातली आणि माझ्याकडे दिला.

"हा त्यांच्या उशाशी ठेवा. लागेल."