मळलेलं पान

ते पान उघडलं आणि बाइंडरने तोंड फिरवलं.

बाकीचा ग्रंथ कोरा करकरीत. मधलं हे एकच पान काळं, तेलकट, कडेला चुरगळलेलं. त्यावर मेणाचा थेंब, तपकिरीचे कण, आणि शेवटच्या ओळीखाली बोट घासून घासून चढलेला मळाचा जाड थर. नखाने उचकटला तर पापुद्रा निघाला. तो उठला, नळावर गेला आणि कोपरापर्यंत हात धुऊन आला.

बायको कोपऱ्यात बसून दुसरं पुस्तक शिवत होती. "नळाचं पाणी संपेल एक दिवस," ती म्हणाली, "तुमची किळस नाही संपायची."

"तू बघ तरी! देवाचं नाव घेतात, पण हात धुवायचे कष्ट नकोत. थुंकी लावून पानं उलटतील, घास चघळत वाचतील, वर शिंकतील. शी!"

उभा जन्म तो लोकांची श्रद्धा शिवत, चिकटवत आला होता. त्याच्या लेखी ग्रंथ म्हणजे कसर, कुबट वास आणि परक्याचा घाम. त्यातली एक ओळ त्याने कधी वाचली नव्हती.

"ग्रंथ द्यायला आलेली ती सून काय म्हणाली, आठवतंय ना? सासूबाईंचा जीव आहे त्यात. उसवलेली शिवण घाला, बाकी कशाला हात लावू नका."

"घाण ठेवू का मग, जपून?"

त्याने रबर फिरवलं. ओला कापूस फिरवला. पान वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने तो थर उतरवला. मग मशीनवर सगळ्या कडा सपासप कापल्या. अक्षरं तेवढी राहिली. पान कसं, पहाटेच्या आभाळासारखं निघालं.

ग्रंथ न्यायला सासूबाई स्वतःच आल्या. काठी पुढे, हात भिंतीवर. म्हातारीला दिसत नाही, हे त्याला तेव्हा कळलं.

त्या स्टुलावर टेकल्या. ग्रंथ मांडीवर घेतला, तान्ह्याला घ्यावं तसा. मध्यावर उघडून बोट फिरवलं. पान उलटलं, बोट फिरवलं. पुन्हा उलटलं. ओठांवरचं हसू तेल सरलेल्या वातीसारखं विझत गेलं.

"बाळा, माझं पान कुठं गेलं?"

"सगळी पानं आहेत, आजी. एक फार घाण झालं होतं, ते लख्ख करून दिलंय."

"लख्ख?" आजी म्हणाल्या. "अरे, त्या मळाने तर मला दिसायचं."

"ओळ पाठ असेल ना, आजी?" बायकोने हळूच विचारलं.

"पाठ आहे गं. आईचं नाव पाठ असतं, म्हणून तिचा हात नको का?"

"एवढा जाडजूड ग्रंथ," बाइंडर म्हणाला, "आणि ओळ एकच?"

"गाईचं कसं असतं? चरायचं घासभर, रवंथ दिवसभर. घरधनी गेले, डोळे गेले. त्या ओळीवर बोट ठेवून बसले, की आतून गोड व्हायचं बघ. कशाचं काही उणं वाटायचं नाही."

चघळलेलं पुन्हा चघळायचं! त्याच्या अंगावर शहारा आला. पण आजींचं बोट त्या गुळगुळीत कागदांवर पोरकं फिरत होतं, आणि ते त्याला बघवेना. तो त्यांच्याशेजारी बसला. ते पान काढलं, शेवटची ओळ शोधली आणि वाचली.

"तू बसलास तिथे मी आलो. उठू नकोस."

तो थांबला. ओळ पुन्हा वाचली, या खेपेला मनात. मग पानावरून नजर काढली, तरी ओठ हलतच राहिले.

शेजारी खळीचं भांडं होतं. चिकट, करडी, आंबूस वासाची खळ. त्याने अंगठा त्यात बुडवला आणि त्या ओळीखाली दाबून धरला.

"अहो!" बायको ओरडली.

आजींनी बोट जिभेला लावलं. ओलं बोट चाचपत, सरकत त्याच्या अंगठ्यापाशी आलं, त्याला भिडलं आणि थांबलं.

"हां," त्या हसल्या. "सापडलं."

बायकोने नळाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

तो उठला नाही.