चार दाणे

सिंधूताईंनी मूठ उघडली. दोन्ही दाणे काळे निघाले.

"ही झाली आपली मैत्री, दादाची मुलगी," धम्मशीला घाईघाईने म्हणाली. "आता हे दाणे परत टाक, आई. ज्याचे त्याच्या वाटीत. आणि पुन्हा काढ."

"परत काऊन टाकू वं?" सिंधूताई म्हणाल्या. "निघाले ते निघाले." आणि त्यांनी दोन्ही दाणे दारातून सरळ अंगणात भिरकावले. एक कोंबडी धावत आली.

धम्मशीलाने कपाळावर हात मारला. तासाभरापासून ती स्वयंपाकघरात दोन वाट्या मांडून बसली होती. एक वाटी संघर्षदादाची, एक वंदनावहिनीची. प्रत्येकीत सोयाबीनचे दोन दाणे, एक कोरा, एक पेनाने काळा केलेला. डोळे मिटून दोन्ही वाट्यांतून एकेक दाणा उचलायचा, की झालं एक मूल. दोन्ही काळे आले तर मूल आजारी. मेहकरच्या कॉलेजात, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला, मॅडमनी हेच मणी घेऊन करून दाखवलं होतं. तिथे साठ पोरांच्या डोक्यात अर्ध्या तासात शिरलं. घरात समजवायची तीनच माणसं होती.

पलीकडे खाटेवर चार वर्षांची मैत्री पाय गरम फडक्यात गुंडाळून झोपली होती. दुपारभर रडून रडून आत्ता कुठे तिचा डोळा लागला होता. सिकलसेल, आईबापाकडून रक्तात येणारा आजार. दवाखान्यातली आईबापाची कार्डं पिवळी, म्हणजे दोघांच्याही रक्तात दोष, पण त्रास नाही. मैत्रीचं कार्ड लाल. आणि वंदनाला पुन्हा दिवस गेले होते, अकरा आठवडे झाले होते. पोटातल्या बाळाची तपासणी नागपूरला व्हायची होती, परवा सोमवारी. ती तारीख हुकली की पुढे उशीर होईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

सिंधूताईंनी वाट्यांत उरलेले दोन कोरे दाणे बोटाने फिरवून दाखवले. "पाहा. आता वाईट राह्यलंच नाई. डॉक्टरच म्हणाला ना, चारात एक? तो एक होऊन गेला. आता तीन लेकरं चांगलीच होतात."

"दर खेपेला चारात एक, आई! दर खेपेला!"

डॉक्टर दर खेपेला असंच म्हणाले होते. पण दवाखान्यातून जानेफळपर्यंत येताना एसटीत तेवढा शब्द कुठे उतरून गेला कोण जाणे. घरी पोचलं ते नुसतं चारात एक. तेवढ्यावर सगळं घर निर्धास्त झालं होतं.

धम्मशीलाने आणखी दोन दाणे घेतले, पेनाने काळे केले आणि वाट्यांत टाकले. "दादा, तू तरी पाहा. मैत्री झाली म्हणून तुझ्या रक्तातला दोष संपला का? तो तिथंच आहे. वहिनीचाही तिथंच आहे."

संघर्ष मोबाइलमध्ये बघत हसला. "परीक्षेत वीसपैकी किती पडले होते वं तुले?"

"अकरा."

"मंग?"

तिला रडूच कोसळायचं राहिलं. गेल्या महिन्यात नेमका हाच प्रश्न तिचा चुकला होता. तिनेही लिहिलं होतं, पहिलं मूल आजारी असल्यास पुढची तीन निरोगी होतील. मॅडमनी त्यावर लाल पेनाने एवढी मोठी फुली मारली होती. म्हणून तर तिला माहीत होतं. पण हे दादाला सांगून काय उपयोग?

"सोमवारी सोयाबीन काढाचं हाये," संघर्ष म्हणाला. "मशीनवाल्याले सांगून ठेवलं. तो दुसऱ्याच्या वावरात गेला की आठ दिवस येत नाई."

"आन् पोटात सुई घालतेत म्हणे," सिंधूताईंचा आवाज एकदम खाली आला. "चांगल्या लेकराले सुई लागली तर? एक लेकरू पाहून राह्यली ना मी, रातभर कशी इवळते ते. मले अजून काई पाहाचं नाई."

आईला कळत नव्हतं असं नाही. तिला घाबरायचं नव्हतं, आणि तिच्या हाती एक सोपा आकडा लागला होता. धम्मशीलाला आईची दया आली, आणि त्याहून जास्त चीड आली. तिने वाट्या ढकलून दिल्या. दाणे फरशीवर विखुरले.

"बसा मग सगळे मोजत! चारात एक, चारात एक!" ती ओरडली. खाटेवर मैत्री चाळवली.

वंदना इतका वेळ भाकऱ्या थापत होती. तिला कोणी काही विचारलं नव्हतं. आता ती उठली. पिठाचे हात लुगड्याला न पुसताच खाली वाकली, दाणे वेचले. एका वाटीत एक कोरा, एक काळा. दुसरीत एक कोरा, एक काळा. धम्मशीलाने मांडले होते अगदी तसेच. मग डोळे घट्ट मिटून तिने दोन्ही वाट्यांतून एकेक दाणा उचलला.

"काय निघालं?" सिंधूताई पुढे सरकल्या. "दाखव."

वंदनाने मूठ उघडली नाही.

"हे निघून अकरा आठवडे झाले, आत्या," ती सासूला म्हणाली. "आता पाहाचंच राह्यलं." मग संघर्षकडे न बघता म्हणाली, "मशीनवाल्याले मंगळवार सांगा."

तव्यावर भाकरी करपू लागली होती. वंदनाने ती डाव्या हाताने उलटली. उजवी मूठ तिने मिटलेलीच ठेवली होती.