कागद संपला

बायको कामावर गेली तशी त्याने दाराला आतून कडी घातली आणि जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. कॉम्प्युटर दुरुस्तीचं त्याचं काम घरबसल्याच चाले. आज दूरच्या एका दवाखान्याचा प्रिंटर रुसला होता.

"आलं का हो पान, ताई?" त्याने फोनवर विचारलं.

"छे! तीनदा पाठवलंत, इथे मशीन ढिम्म."

तेवढ्यात आतल्या खोलीत त्याचाच प्रिंटर घरघरला. त्याने जीभ चावली. दवाखान्याच्या कॉम्प्युटरशी जोडणी करताना स्वतःचा प्रिंटर वगळायला तो नेहमीसारखाच विसरला होता. दवाखान्याची पानं त्याच्याच घरात छापली जात होती.

"माझाच गाढवपणा, ताई! पानं इथे माझ्या घरच्या प्रिंटरवर निघतायत."

एक पान छापून घरघर थांबली. दोघांच्याही स्क्रीनवर अक्षरं उमटली: कागद संपला.

उरलेली दोन पानं रद्द करायला त्याने माउसकडे हात नेला.

आत कपाटाचं दार करकरलं.

हात होता तिथेच थिजला. नव्या गठ्ठ्याचं वेष्टण सावकाश फाटत गेलं. मग कडा जुळवण्यासाठी गठ्ठा दोनदा आतल्या टेबलावर आपटला गेला. ट्रे खटकन बसला.

"अरे वा, तुमचा प्रिंटर 'तयार' दिसतोय की इथे!" ताई फोनवर हसल्या. "बरं आहे, साहेब. घरात कुणीतरी आहे तुमच्या हाताशी."