मुलं आधी

सुनेला जुळं झालं त्या वर्षी मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या शिट्टीमावशीने एका वकिलाच्या नव्याकोऱ्या गाडीवर लाल पाटी आपटली. दाणकन. शाळेच्या फाटकासमोरची रहदारी जागच्या जागी थिजली.

"डोळे काय घरी खुंटीला लावून आलात?" मावशी गरजली. "मुलं आधी! एवढी घाई कसली? वर कोणी ताट वाढून ठेवलंय का?"

गाडी पांढऱ्या पट्ट्यांवर हातभर आत घुसली होती. मुलं कशीबशी पलीकडे पळाली. बॉनेटला पोचा आला, त्याचं वकिलाला एवढं वाटलं नाही. मागच्या सीटवर त्याची मुलगी फिदीफिदी हसली, ते झोंबलं.

तसं मावशीने कोणालाच सोडलं नव्हतं. भरधाव येणाऱ्या डॉक्टरीणबाईंना ती भररस्त्यात विचारायची, "गिऱ्हाइकं शोधताय का?" बाकीचे ओशाळून गप्प बसत. वकील गप्प बसणाऱ्यातला नव्हता. एकमेकांना छळणाऱ्या मुलांसाठी शाळेने नियम केले होते, ते त्यानेच लिहून दिले होते. आता त्याने पहिल्याच ओळीत "कोणताही विद्यार्थी" खोडून "कोणीही" घालायला लावलं. चारचौघांत पुन्हा पुन्हा पाणउतारा करणारा कोणीही. जाळं मावशीच्या मापाचं झालं. मग त्याने तक्रार ठोकली. या बाईला काढा.

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. रस्त्यावर ती वाघीण होती, पण घरी एकट्या मुलाच्या पगारात दोन पाळणे हलणार नव्हते.

"आई, माफी मागून मोकळ्या व्हा," सून म्हणाली.

"मागीन की. आधी त्याला ब्रेक कुठे असतो ते सापडू दे."

सुनावणी पहिलीच्या वर्गात झाली. दुसरी खोली रिकामी नव्हती. बुटक्या खुर्च्यांवर सगळे गुडघे हनुवटीला लावून बसले. वकिलाची फाइल मांडीवरून सारखी घसरत होती.

"मावशी," मोठ्या बाईंनी विचारलं, "तुम्ही साहेबांना गाढव म्हणालात?"

"नाही बाई. गाढव थांबतं."

कोणीतरी खोकल्यासारखं केलं. मोठ्या बाईंनी ओठ घट्ट मिटले आणि नियम वाचून दाखवले. गुन्हा शाबीत होता. मावशीने पदराचं टोक मुठीत आवळलं. पण पहिल्या गुन्ह्याला काढून टाकायची सोय नियमात नव्हती. शिक्षा वेगळी होती. छळणारा आणि ज्याचा छळ झाला तो, दोघांनी आठवडाभर एकच काम जोडीने करायचं. काम शाळा ठरवणार.

"मी काम ठरवलंय," मोठ्या बाई म्हणाल्या. "रस्ता."

वकील ताडकन उठला. खुर्चीही त्याच्याबरोबर उठली. "अहो, हे मुलांसाठी आहे!"

"होतं. 'कोणीही' तुम्हीच घातलंत."

सोमवारी वकील टाय लावून पाटी धरून उभा राहिला. त्याला कोणी भीक घातली नाही. एका स्कूटरवाल्याने "ए पाटीवाल्या, हो बाजूला" म्हणून हाकललं. दुधाची गाडी त्याच्या चकचकीत बुटांना घासून गेली. मावशी शिट्टी तोंडात धरून मजा बघत होती. दोन दिवसांत त्याचा टाय गेला, मग बूटही साधे आले. गाडीत बसून त्याला मुलं अडथळ्यासारखी दिसायची. इथे मुलांच्या उंचीवर त्याला नुसती चाकं दिसत होती.

गुरुवारी पहिलीतल्या एका पोराचा बूट बरोबर पांढऱ्या पट्ट्यांवर निसटला. पोर वाकलं. समोरून गाडी आली ती थांबेचना. वकील आडवा धावला आणि त्याने पाटी बॉनेटवर आपटली, जुन्या पोच्याच्या अगदी शेजारी.

"डोळे काय घरी खुंटीला लावून आलीस?"

गाडी त्याचीच होती. फोन कानाला लावून त्याची बायको आ वासून बघत होती. मागची काच खाली झाली आणि मुलीने डोकं बाहेर काढलं.

"बाबा, अजून एकदा!"

मावशीने पोराच्या पायात बूट चढवला, त्याला पलीकडे पोचवलं आणि सावकाश परत आली. "जरा हलक्या हाताने, साहेब. पाटी शाळेची आहे."

आठवडा संपला. वकील पाटी द्यायला आला आणि परत घेऊन गेला. बायकोने बरेच दिवस अबोला धरला. तो मात्र शाळा सुटायच्या वेळी कोर्टातून सटकून येतच राहिला. मावशी शिट्टी वाजवायची, तो पाटी धरायचा, आणि दिवसभर कोर्टात तोंडातून काढता न येणारं सगळं तो तिथे मोकळं करायचा. ठेवणीतले शब्द त्याला मावशी पुरवायची.

मग काही वर्षांनी एकदा शाळा सुटायला आणि शववाहिका फाटकाशी यायला एकच गाठ पडली. वकिलाने पाटी वर केली. गाडी थांबली. चालकाने डोकं बाहेर काढलं.

"साहेब, आत मावशी आहे."

"ठाऊक आहे. मुलं आधी." वकिलाची पाटी हलली नाही. "वर ताट वाढून ठेवलं असेल, तर झाकून ठेवतील."

शेवटचं मूल पलीकडे गेल्यावर त्याने पाटी खाली घेतली.

शिट्टीमावशी त्या दिवशी पहाटे गेली, जुळी तिसरीत होती त्या वर्षी, आपल्या अंथरुणात, झोपेत. तिच्या अख्ख्या कारकिर्दीत त्या फाटकासमोर एकही जीव गेला नाही.