काठाचा रंग

“फोडून टाका या रंगारणीचा हंडा!” गोंदियाचा कापडवाला ईश्वरदास ओरडला आणि त्याने लुगडं चावडीवर बसलेल्या पंचांपुढे भिरकावलं. पांढऱ्या लुगड्याच्या लाल काठाचा रंग फुटून सगळीकडे ओघळ पसरले होते. “मालगुजाराच्या पोरीचं लग्न! मांडवात पाय धुताना जरा पानी उडालं, तर नवरी लालेलाल! अपशकुन म्हणून वऱ्हाड उठून चाललं होतं. मेरी तो नाक कट गई!”

धनवंताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वीस वर्षं ती अर्जुनीच्या कोष्टीपुऱ्यात काठाचा कोसा, म्हणजे रानरेशीम, रंगवत होती. आजेसासूच्या काळी लाखेचा रंग होता, तिच्या काळी डब्यातला जर्मन पुडीचा रंग आला. पण तिच्या हंड्यातून निघालेल्या कोशाने कधी कुणाच्या धुण्याचं पाणीसुद्धा लाल केलं नव्हतं. आणि हा गजाने कापड फाडणारा तिला रंग शिकवणार!

“रंग कच्चा हाय हे डोळ्यानं दिसून राहिलं, बाई,” बुजुर्ग पंच शालीकराम म्हणाला. “आजपासून तुले कोनी सूत देनार नाई. हंडा पालथा घाल.”

बाजूला उभ्या असलेल्या नवऱ्याने तिला कोपराने ढोसलं. व्यापाऱ्याने दिलेला कोसा तिने रंगवायचा आणि त्याने मागावर विणायचा, असा त्यांचा संसार. “कायले वाद घालून राहिली? मान खाली घाल, माफी माग. मिटते.”

“न केल्या पापाची माफी?”

तिला रडूच यायला हवं होतं, पण रागाने ते आलंच नाही. परक्याने शिव्या दिल्या तर समजून घेता येतं. घरच्या माणसाने तोंडातून ब्र काढू नये? उलट तिलाच गप्प बसवावं?

“डोळ्यानं पायता ना? मंग नीट पाहा!” ती म्हणाली. “कोसा किड्याच्या पोटातला. त्याले रंग दाखवा, घट्ट धरून बसते. कापसाच्या सुताले आधी हरड्याचं पानी पाजा लागते, नाईतर त्याच्यावर हा रंग टिकतच नाई. माह्या हंड्याची परीक्षा इथंच घ्या.”

“कायले तमाशा?” नवरा म्हणाला. पण शालीकरामने हात वर केला.

चावडीसमोर तीन धोंडे मांडले, हंडा चढवला. धनवंताने डब्यातली चिमूटभर पूड पाण्यात सोडली. ईश्वरदासच्या गाठोड्यातली कोशाची लडी मागून घेतली. मग लुगड्याच्या काठातले धागे उसवून त्यांची दुसरी लडी केली. एकाच हंड्यात, एकाच वेळी दोन्ही बुडवल्या. लोक माना उंचावून पाहत होते. दोन्ही लड्या सारख्याच लालभडक निघाल्या, तेव्हा ईश्वरदास हसला.

तिने दोन परातींत स्वच्छ पाणी ओतलं आणि लड्या खळबळून धुतल्या. कोशाच्या परातीतलं पाणी पाण्यासारखंच राहिलं. काठाच्या परातीत रक्त सांडावं तसा रंग उतरला, आणि लडी फिकी गुलाबी होऊन हातात लोंबली.

“हा कोसा नव्हेच,” शालीकराम हळूच म्हणाला.

ईश्वरदासने लडी बोटांत चोळली. त्याचा चेहरा पडला. “नकली रेशीम. कापसा-लाकडाच्या लगद्याचं. गोंदियाच्या बाजारात आता ढिगानं येते. पण मी तर असली कोसा दिला होता!”

“आनि मी तोच रंगवला,” धनवंता म्हणाली. “बारा लड्या, पक्क्या रंगाच्या, वाळवून मागापाशी ठेवल्या.”

नवरा आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत होता. मघापासून तो माफी का मागायला लावत होता, ते आत्ता कुठे तिच्या डोक्यात शिरलं. तिने रंगवलेला कोसा विकून त्याने बाजारची नकली लडी तिच्याच उरल्या रंगात बुडवली होती. आणि तिचा हंडा फुटत असताना हा भला माणूस तिला मान खाली घालायला सांगत होता!

“मंग मागावर हे सूत कोनं चढवलं?” शालीकरामने विचारलं. “पंचांपुढं आळ घ्याचा तर तोंडानं नाव घ्या लागते, बाई. नाईतर दोष तुह्याच हंड्यावर राहते.”

बायांनी पदर तोंडाला लावले. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं गावातली प्रत्येक बाई मानत होती. लग्नातल्या उखाण्यानंतर धनवंतानेही ते कधी उच्चारलं नव्हतं.

“उदेभाननं,” ती खणखणीत आवाजात म्हणाली. “माह्या नवऱ्यानं.”