पांढऱ्या फितीची झाडं

विसाव्या झाडाचं खोड तपासून ज्योत्स्ना बांधावर मटकन बसली. लाल फितीची दहा झाडं निरोगी. पांढऱ्या फितीचीही दहाच्या दहा निरोगी. खोडावर डिंकाचा थेंब म्हणून नाही. दुसरं कुणी असतं तर नाचलं असतं. तिला रडू येत होतं.

शेंदूरजनाघाटच्या या संत्र्याच्या बगीच्यात तिचं हे तिसरं वर्ष. अमरावतीच्या प्रयोगशाळेत कडुलिंबाच्या पाल्याचा अर्क काढायचा, त्यात चांदीचा क्षार घालायचा. चहासारखा रंग चढला की चांदीचे डोळ्यांना न दिसणारे कण तयार झाले म्हणायचे. ते बुरशीच्या डिंक्या रोगावर फवारायचे. लाल फितीच्या झाडांना औषध, पांढऱ्या फितीच्यांना नुसतं पाणी. दोन्हींत फरक दिसला तर पीएचडी. पहिल्या वर्षी गारपिटीनं बगीचा झोडपला, दुसऱ्या वर्षी ती स्वतःच अंथरुणाला खिळली. यंदा मुदत संपत होती.

"काका, फवारा वेळेवर मारला ना?"

"दर पंधरा दिवसाले," बगीच्याचे मालक खुशालराव म्हणाले. "बाटल्या पाहून घ्या. एकीतही थेंब नाई."

बाटल्या खरंच रिकाम्या होत्या. माणूस सच्चा होता. शंका घेतल्याची तिलाच लाज वाटली.

तिनं पीएचडीच्या मार्गदर्शक सरांना फोन लावला.

"पाण्यावरची झाडंही धडधाकट म्हणजे तिकडे यंदा रोगच आला नाही," सर म्हणाले. "मग औषधाचं काय सिद्ध झालं? पुरे कर आता, ज्योत्स्ना."

"मलाही पुरे झालंय, सर."

नोंदणी रद्द करायचा मेल तिनं तिथंच बसून पाठवून दिला. तीन वर्षांचं ओझं उतरलं, पण हलकं काही वाटेना.

खुशालरावांच्या बायकोनं, पार्वताबाईंनी, चहा आणला. तेवढ्यात पलीकडून कुऱ्हाडीचे घाव ऐकू आले.

"किसनरावचा बगीचा हाय," खुशालराव म्हणाले. "डिंक्यानं यंदा पार खाल्ला. तीस झाडं तोडून राहिला बिचारा."

ज्योत्स्नाचा कप हातातच राहिला.

"मग आपली पांढऱ्या फितीची झाडं कशी वाचली?"

खुशालरावांनी बायकोकडे पाहिलं. पार्वताबाई पदराशी चाळा करत राहिल्या.

"रागावू नको, पोरी," त्या शेवटी म्हणाल्या. "एका पंगतीत बसवायचं अन् एकाले वाढून दुसऱ्याले उपाशी ठेवायचं, असं आमच्यानं नाई झालं. तुयं औषध आमी साऱ्यायले अर्धं-अर्धं देल्लं."